अकरावीची साइट, क्रिकेटची मॅच आणि ऑटोस्केलिंग

२१ मे २०२५ ला अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची नोंदणी सुरू व्हायची होती. केंद्रीय प्रवेश प्रक्रिया त्या वर्षी पहिल्यांदाच अख्ख्या राज्याला लागू झाली होती. आधी ती काही मोठ्या शहरांपुरतीच होती. पहिल्याच दिवशी साइट कोलमडली आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे गेली. असं काही झालं की आमच्या क्षेत्रातली मंडळी लगेच विचारतात, "अरे, ऑटोस्केलिंग का नाही लावत?" त्या साइटच्या सर्व्हरवर काय बिघडलं यावर मी बोलत नाहीये. बोलायचंय ते या सल्ल्याबद्दल. मी रोज हेच काम करतो आणि मला तो सल्ला अर्धवट वाटतो.

आधी ते चालतं कसं ते बघू. कंटेनर म्हणजे अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेलं गाठोडं. कुबरनेटीसमध्ये अशा गाठोड्याच्या चालू प्रतीला साधारणपणे पॉड म्हणतात. लोड वाढला की पॉड वाढवायचे, कमी झाला की कमी करायचे. हे काम करणाऱ्याचं नाव हॉरिझॉन्टल पॉड ऑटोस्केलर, थोडक्यात एचपीए. तो डीफॉल्टने दर १५ सेकंदांनी सीपीयूचा वापर बघतो आणि त्रैराशिक मांडतो: आत्ताचे पॉड गुणिले आत्ताचा वापर, भागिले आपण ठरवलेला वापर. ४ पॉड ९० टक्क्यांवर आहेत आणि आपल्याला ६० हवेत, तर ६ पॉड. बस्स, एवढंच.

आता इथे एक गोम आहे, आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ही टक्केवारी मशीनच्या पूर्ण ताकदीवर नसते. प्रत्येक पॉडसाठी आपण जेवढा सीपीयू राखून ठेवायला सांगतो, त्यावर ती असते. समजा राखीव अर्धा कोर, कमाल मर्यादा एक कोर, लक्ष्य ५० टक्के आणि सध्या १० पॉड आरामात चालू आहेत. अकरा वाजले, फॉर्म उघडला, लोड एकदम २० पट झाला. खरी गरज २०० पॉडची. पण मर्यादाच एक कोरची असल्यामुळे कुठलाही पॉड २०० टक्क्यांच्या वर दाखवूच शकत नाही. ताप १०७ असला तरी थर्मामीटर १०२ वरच थांबावा, तसं. एचपीए हिशोब करतो: १० गुणिले २०० भागिले ५०, म्हणजे ४०. तेवढेही तो एका दमात देत नाही. डीफॉल्ट नियमाने १५ सेकंदांत फार तर दुप्पट, म्हणजे २०. पुढच्या फेरीत ४०, मग ८०, १६०, २००. कागदावर सव्वा मिनिट.

कागदावरच हं. पॉड ठेवायला मशीनवर जागा नसेल तर ते नुसते 'पेंडिंग' बसून राहतात. मग नवीन मशीन मागवायचं, ते सुरू व्हायचं, इमेज खाली उतरायची, अ‍ॅप उठायचं. यात मिनिटं जातात. तोवर मुलगा सायबर कॅफेत बसून रिफ्रेश दाबतोय, आणि प्रत्येक रिफ्रेश म्हणजे सर्व्हरवर आणखी एक विनंती.

त्यातही सीपीयूच अडतो असं कुठे आहे? फॉर्म भरणं म्हणजे डेटाबेसमध्ये लिहिणं. डेटाबेस थकला की पॉड नुसते वाट बघत बसतात. वाट बघायला सीपीयू लागत नाही. बाहेर हाहाकार आणि एचपीएच्या दृष्टीने सगळं आलबेल! चुकून पॉड वाढलेच तरी प्रत्येक पॉड डेटाबेसशी स्वतःची कनेक्शन्स उघडतो. २०० पॉड, प्रत्येकी १० कनेक्शन्स, झाली २,०००. पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादा १०० आहे. म्हणजे अशा वेळी ऑटोस्केलिंग आगीत तेलच ओततं.

मग खरोखर मोठी गर्दी सांभाळणारे काय करतात? १० जुलै २०१९ ला मँचेस्टरला भारत-न्यूझीलंड सेमीफायनल चालू होती आणि हॉटस्टारवर एका वेळी २ कोटी ५३ लाख लोक मॅच बघत होते. त्यांच्या इंजिनिअर्सनी नंतर जाहीर व्याख्यानांत सांगितलं की क्लाउडच्या तयार ऑटोस्केलिंगवर ते विसंबले नव्हते. एवढे प्रेक्षक झाले की एवढे सर्व्हर, अशी शिडी त्यांनी आधीच आखलेली होती आणि वर जादा क्षमता हाताशी ठेवलेली होती. मला त्यातला धोनीचा भाग सगळ्यात आवडतो. तो रनआउट झाला आणि प्रेक्षक धडाधड कमी झाले. वाटेल की सुटलो. पण बाहेर पडणारा माणूस बॅक दाबतो, म्हणजे होमपेजवर येतो. व्हिडिओचा लोड उतरत असताना होमपेजचा चढतो! सीपीयूचा आकडा हे आधी सांगू शकत नाही. क्रिकेट बघणाऱ्या माणसालाच ते सुचणार.

ऑटोस्केलिंग कुचकामी आहे असं नाही. रोजच्या चढउताराला ते उत्तमच आहे. रात्री पॉड कमी होऊन बिल वाचतं ते वेगळंच. केडासारख्या टूलने सीपीयूऐवजी रांगेची लांबी बघता येते, किंवा सरळ घड्याळ लावून साडेदहालाच पॉड वाढवून ठेवता येतात. अकरावीच्या बाबतीत वेळ आधीच जाहीर होती. दहावीच्या निकालामुळे मुलांचा आकडाही माहीत होता. हॉटस्टारला सामना रंगेल की नाही हे माहीत नसतं, इथे तोही प्रश्न नव्हता.

आणि गंमत म्हणजे या प्रवेशफेऱ्यांत जागा गुणवत्तेवर मिळते, आधी येईल त्याला नाही. पहिल्या मिनिटाला फॉर्म भरला म्हणून कुणाला चांगलं कॉलेज मिळत नाही. मग साऱ्या राज्याला एकाच दिवशी, एकाच वेळी दारात का उभं करायचं? सोमवारी अमरावती आणि नागपूर विभाग, मंगळवारी नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर, असं करता आलं असतं. त्याला एकही जादा पॉड लागत नाही. फक्त वेळापत्रक काढणाऱ्या खोलीत एखाद्या इंजिनिअरला बसवावं लागतं, आणि आईबाबांना आधीच स्पष्ट सांगावं लागतं की चौथ्या दिवशी भरलेला फॉर्मही तितकाच चालतो.