उपशाचा हिशेब

वरुड-मोर्शी परिसरात संत्र्याच्या बागेचा सौदा ठरताना व्यापारी झाडे मोजतो, फळांचा आकार पाहतो, बहार आंबिया की मृग हे विचारतो. विहिरीला पाणी किती राहिले, हा प्रश्न क्वचितच निघतो. वास्तविक आंबियाची फळे भर उन्हाळ्यात झाडावर टिकतात ती त्याच पाण्यावर. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या पुरले. पुढे विहिरींच्या जागी बोअर आले आणि बोअर अधिकाधिक खोल गेले. भूजलाच्या सरकारी मोजणीत वरुड तालुका अतिशोषित ठरला, म्हणजे वर्षभरात मुरते त्याहून अधिक पाणी तेथे उपसले जाते. पेढीच्या भाषेत, घरखर्च भांडवलातून चालला आहे.

हाच पेच युरोपने समुद्रात अनुभवला. मासेमारी हा विषय येथील वाचकांना परका, किंबहुना अप्रिय. तथापि त्यातील हिशेब पाहण्याजोगा आहे. समुद्रातील मासा जो आधी पकडेल त्याचा. म्हणून युरोपीय संघाचे मंत्री दर डिसेंबरात एकत्र बसतात, पुढील वर्षी कोणता मासा एकूण किती टन पकडायचा ते ठरवतात आणि देशांना वाटे नेमून देतात. आकडा शास्त्रज्ञ सुचवतात. मंत्र्यांनी अनेकदा त्याहून मोठा मंजूर केला. सन 2020 पर्यंत अतिरिक्त मासेमारी थांबवण्याचा 2013 मधील संकल्प त्यामुळे पुरता सिद्धीस गेला नाही. कॅनडात न्यूफाउंडलंडपाशी मर्यादा अशीच सैल राहिली. तेथे 1992 मध्ये कॉडची व्यापारी मासेमारी बंद करावी लागली, हजारोंचा रोजगार गेला आणि बंदी उठायला 2024 उजाडले.

वऱ्हाडात मर्यादा नाहीच असे नव्हे. महाराष्ट्राचा 2009 चा भूजल अधिनियम शेती व उद्योगासाठी 60 मीटरहून खोल विहिरींना मनाई करतो. परंतु खोली मोजली म्हणजे उपसा मोजला असे होत नाही. युरोपात निदान टन मोजले जातात. येथे एका बागेने किती पाणी घेतले, याची नोंद सहसा कोणत्याच वहीत नसते. शिवाय एकट्याने पंप आवरला, तर वाचलेले पाणी शेजारच्या बोअरमध्ये जाते. मर्यादा सर्वांनी मिळून पाळायची असते ती याचसाठी. (अकोल्याकडील खारपाणपट्ट्यात भूजलच खारे, तेथे निसर्गानेच हा मोह टाळला आहे.)

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. बाग घेणाऱ्या पेढीने इसार देण्यापूर्वी ही नोंद पाहावी आणि बागेतील विहिरीची मागील तीन वर्षांची मे महिन्यातील पातळीही विचारावी. दोन-तीन हंगाम हा प्रश्न सौद्यात निघू लागला, तर बागायतदार स्वतःच दोर सोडून पाण्याचे माप घेऊ लागतील.