वाढीव खोली आणि तिसरी तार

घराला एक खोली जोडायची ठरली, की मध्यमवर्गीय कुटुंब विटा, सिमेंट, सळई आणि फरशी यांच्या दरांची महिनोन् महिने चौकशी करते. विजेच्या तारांचा विचार मात्र गिलाव्याची वेळ आली की होतो, आणि तोही हातात किती पैसे उरले आहेत ते पाहून. या सवयीला आपण काटकसर म्हणतो. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्र शिकवीत असूनही तिच्यातून सुटला नाही.

चार वर्षांपूर्वी आम्ही जुन्या घराच्या गच्चीवर खोली व न्हाणीघर बांधले. वायरमनने जिन्यातल्या बोर्डावरून तार ओढून वर दिवा, पंखा आणि दोन हजार वॉटचा गिझर जोडून दिला. पहिल्याच पावसाळ्यात आईने गिझरखालच्या नळाला हात लावला आणि ती मागे फेकली गेली. पायांत रबरी सपाता होत्या म्हणून निभावले. उघडून पाहता तीन पिनांच्या सॉकेटमागे दोनच तारा आढळल्या. घराचे मूळ वायरिंगच दोन तारांचे. तिसऱ्या छिद्राला जोडण्यास अर्थिंग नव्हते. ते छिद्र केवळ शोभेचे होते.

दोन हजार वॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. दिव्यांच्या सर्किटवरचा ६ अँपिअरचा एमसीबी तो सोसत नाही, वारंवार पडतो. मग ‘जरा मोठा’ एमसीबी बसवला जातो. आमच्याकडेही तेच झाले होते. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. बारीक तारेवर मोठा एमसीबी बसवणे म्हणजे पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधणे होय. शिवाय एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे, हे सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. माणसाला वाचवणारे साधन निराळे, ते आरसीसीबी. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच ते क्षणार्धात पुरवठा तोडते.

नियमांची वाण नाही. किरकोळ बदल सोडले तर वायरिंगमधील भर व फेरफार परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावेत, असे बंधन १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांनी ते पुढे चालवले, २०२३ च्या नव्या विनियमांतही ते आहे. तरीही देशात विजेच्या धक्क्याने दर वर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. ती सारीच घरात मरत नाहीत, हे खरे.

घरगुती वायरिंगपुरता नियम निसटतो तो मीटरपाशी. नवी जोडणी घेताना ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो, कारण त्यावाचून मीटर मिळत नाही. खोली वाढते तेव्हा मीटर तेच राहते, म्हणून कोणी काही विचारीत नाही. आपण होऊन वाढीव भाराचा अर्ज करावा, तर शुल्क आणि खेपा. त्यातून खोलीलाच बांधकाम परवानगी नसली तर मालक गप्प राहणेच पसंत करतो. भिंतीत गाडलेल्या तारेची प्रत गिऱ्हाइकाला दिसत नाही. जेथे प्रत दिसत नाही तेथे निकृष्ट माल चांगल्याला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखवून दिले होते. चोख काम करणारा वायरमन महाग ठरतो. परवानाधारकाची सही तेवढी स्वतंत्रपणे विकत मिळते. आणि अशी खोली बहुधा विद्यार्थ्यांना वा नव्याने बदलून आलेल्या कारकुनाला भाड्याने दिली जाते. काटकसर मालकाची, धोका भाडेकरूचा.

म्हणून वायरिंगची तपासणी बांधकाम परवानगी आणि वाढीव भार यांच्या दाव्याला बांधू नये. बेकायदा खोलीत राहणाऱ्यालाही झटका कायदेशीरच बसतो! चाचणी अहवालावर नुसती सही न घेता मोजलेले आकडे लिहून घ्यावेत : ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशनचा रोध किती आला (तो किमान एक मेगओहम हवा), अर्थिंगचा किती, आरसीसीबी किती मिलिअँपिअरला पडला. त्याची एक प्रत घरात राहावी, आणि भाडेकरूने मागितल्यास ती दाखवणे मालकास बंधनकारक असावे.

आमच्या घरी मग मीटरपासून वरपर्यंत तीन तारांचे स्वतंत्र सर्किट ओढले, अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला, आरसीसीबी बसवला. न्हाणीघराच्या फरशीला याहून अधिक पैसे पडले होते.