कुत्रा कुणाचा, जबाबदारी कुणाची?

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाऊ लागला की वर्धा शहराचा दिवस पहाटे पाचलाच सुरू होतो. फिरायला निघणाऱ्यांत अलीकडे साखळी हाती धरून चालणारेही मोठ्या संख्येने दिसतात. साखळीच्या दुसऱ्या टोकाला कधी लॅब्रेडॉर असतो, कधी पॉमेरेनियन, तर कधी गल्लीतूनच उचलून आणलेले गावठी पिल्लू. वळणावळणावर मोकाट कुत्र्यांचे टोळके वाट अडवून उभे असते. मग मालकाच्या दुसऱ्या हातात काठी येते आणि फिरण्याचा मार्ग आपोआप ठरतो. एकाच रस्त्यावर कुत्र्यांचे हे दोन वर्ग रोज समोरासमोर येतात. एका वर्गाला नाव, घर आणि डॉक्टर आहे. दुसऱ्याला यांपैकी काहीच नाही. या दोन वर्गांचे प्रश्न वेगळे मानण्याची सवय समाजाला आणि प्रशासनालाही जडली आहे. वास्तविक हा प्रश्न एकच आहे आणि तो मालकीचा आहे.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांमुळे हा प्रश्न देशभर चर्चेत आला. ११ ऑगस्ट रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली आणि परिसरातील मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर प्राणिमित्रांकडून तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. अवघ्या अकरा दिवसांत, २२ ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेले कुत्रे मूळ जागीच सोडावे, पिसाळलेले वा आक्रमक कुत्रे मात्र सोडू नये, खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात, असे सांगून या प्रकरणाची व्याप्ती सर्व राज्यांपर्यंत नेण्यात आली. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत, ती पुन्हा तेथे सोडू नयेत, असा आदेश झाला.

दिल्लीत निघालेल्या आदेशाची अंमलबजावणी अखेर गावोगावच्या नगर परिषदेला करावी लागते. शिक्षणसंस्था आणि मोठी रुग्णालये हेच ज्या शहराचे वैशिष्ट्य आहे, त्या वर्धेसाठी नोव्हेंबरच्या आदेशाचा अर्थ विशेष गंभीर आहे. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील रुग्णालयांच्या आवारात रोज शेकडो रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक वावरतात. नातेवाइकांच्या डब्यातले उरलेसुरले अन्न जिथे पडते तिथे कुत्री येणारच. त्यांना उचलायचे ठरले तरी ठेवायचे कुठे, हा पहिला प्रश्न. रिकामी झालेली जागा दुसरी कुत्री किती दिवसांत व्यापतील, हा दुसरा.

विशेष म्हणजे, ज्या गांधींच्या नावाने हा जिल्हा ओळखला जातो, त्यांनी हाच प्रश्न जवळपास शंभर वर्षांपूर्वी जाहीरपणे हाताळला होता. १९२६ मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारात वावरणारी साठ कुत्री मारविली. अहिंसेच्या पुरस्कर्त्या गांधींनी त्याचा निषेध करावा, अशी अनेकांची अपेक्षा होती. गांधींनी मात्र त्या कृतीची अपरिहार्यता मान्य केली आणि 'यंग इंडिया'तून यावर लेखमाला लिहिली. संतप्त पत्रांचा पाऊस पडूनही ते आपल्या मतावरून ढळले नाहीत. मोकाट कुत्रे हे समाजाच्या दयाळूपणाचे नव्हे, तर अज्ञानाचे आणि आळसाचे लक्षण आहे, प्रत्येक कुत्र्याला मालक असला पाहिजे, रस्त्यावर तुकडा टाकून पुण्य जोडण्यापेक्षा कुत्र्याला घरी पाळावे किंवा त्यांचा सांभाळ करणाऱ्या संस्थेला मदत करावी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

आज कुत्री मारण्याचा मार्ग कायद्याने बंद आहे आणि तो योग्यच आहे. मारून कुत्री कमी होत नाहीत, हा अनेक दशकांचा अनुभव आहे. पण गांधींच्या म्हणण्याचा दुसरा भाग, म्हणजे प्रत्येक कुत्र्यामागे कुणीतरी जबाबदार असावे हा आग्रह, अजूनही जसाच्या तसा उभा आहे. २००१ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी रस्त्यावरच्या कुत्र्याच्या निर्बीजीकरणाची आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर टाकली. घरच्या कुत्र्याची हीच जबाबदारी मालकावर ठेवली. कागदावर हे चित्र नीटनेटके दिसते. रस्त्यावर मात्र दोन्ही बाजू आपापली जबाबदारी टाळत आल्या आहेत.

वर्धा ज्याच्या अधिकारक्षेत्रात येते त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये हा मुद्दा थेट मांडला होता. मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचे असेल तर त्यांना रीतसर दत्तक घ्या, महापालिकेत नोंद करा आणि घरी नेऊन सांभाळा, असे खंडपीठाने बजावले आणि उल्लंघन करणाऱ्याला दोनशे रुपये दंड सुचविला. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात या दंडाला स्थगिती दिली आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरविण्यास महापालिकेला सांगितले. वादाचा निकाल कसाही लागो, खंडपीठाने उपस्थित केलेला प्रश्न मोलाचा होता. प्रेमाबरोबर जबाबदारी घेणार की नाही?

हा प्रश्न घरी कुत्रा पाळणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे. मोकाट कुत्री आकाशातून पडत नाहीत. हौसेने आणलेले पिल्लू वर्षभरात मोठे होते, भुंकते, घाण करते, शेजारी तक्रार करतात, बदली होते, आणि एके दिवशी ते शहराबाहेरच्या रस्त्यावर सोडून दिले जाते. निर्बीजीकरण न केलेली पाळीव मादी सहसा वर्षातून दोनदा माजावर येते, जेमतेम दोन महिन्यांत विते आणि एका वेतात चार-सहा पिल्ले सहज होतात. त्यांतली एक-दोन कुणी मागून नेतो. उरलेली कुठे जातात, हे कुणी विचारत नाही. पाळीव प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा आहे. साठ वर्षांपूर्वी ही रक्कम काहीशी जाणवत असेल. आज तिची भीती कुणाला वाटावी?

नोंदणीची स्थितीही अशीच आहे. राज्याच्या १९६५ च्या नगर परिषद कायद्यात पाळीव कुत्र्यांवर कर बसविण्याची तरतूद आहे. कर आकारायचा तर नोंद ठेवावी लागते, आणि नोंद असली तरच शहरात पाळलेली कुत्री किती, त्यांतील किती जणांना रेबीजची लस दिली, हे कळते. रस्त्यावरच्या कुत्र्यांची निदान पशुगणना होते. २०१९ च्या गणनेत देशात सुमारे एक कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख मोकाट कुत्री आढळली. घरातल्या कुत्र्याची नोंद गावपातळीवर नसेल, तर सोडून दिलेल्या कुत्र्याचा मालक शोधायचा तरी कसा?

वर्धेत या सर्वांवर आणखी एक अडचण आहे, ती हद्दीची. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर आहे. पण प्रत्यक्षातले वर्धा नगर परिषदेच्या हद्दीत मावत नाही. पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), नालवाडी, म्हसाळा ही गावे शहराला चिकटून वाढली. तेथील वस्त्या शहरी आहेत, कारभार मात्र ग्रामपंचायतींचा. सकाळी कुत्रा घेऊन निघालेला माणूस अर्ध्या तासात नगर परिषदेची हद्द ओलांडून ग्रामपंचायतीत जातो आणि परत येतो. त्याच्या ते ध्यानीही येत नाही. मोकाट कुत्र्यालाही ही रेषा ठाऊक नाही. नगर परिषदेने आपल्या हद्दीत निर्बीजीकरण केले आणि शेजारच्या ग्रामपंचायतीने केले नाही, तर एका बाजूने उपसलेले पाणी दुसऱ्या बाजूने भरावे तशी गत होते. निर्बीजीकरणासाठी शस्त्रक्रियेची खोली, पिंजरे, प्रशिक्षित पशुवैद्य आणि प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेली यंत्रणा लागते. एकेका ग्रामपंचायतीला हा खर्च पेलणारा नाही, हे उघड आहे.

पशुवैद्यकीय व्यवस्थेचा कलही समजून घ्यावा लागेल. वर्धा हा गवळाऊ गाईबैलांचा जिल्हा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची उभारणी झाली ती शेतकऱ्याच्या गोठ्यासाठी, आणि ते स्वाभाविकच होते. शहरातील कुत्र्या-मांजरांची वाढती संख्या ही त्या व्यवस्थेच्या दृष्टीने अलीकडची गोष्ट. गुंतागुंतीच्या आजारासाठी मालकाला नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरावी लागते. जखमी आणि बेवारस प्राण्यांसाठी पिपरी (मेघे) येथे 'पीपल फॉर अ‍ॅनिमल्स'चे करुणाश्रम काम करते. परंतु एखाद्या सेवाभावी संस्थेच्या दारात पिल्ले आणून सोडणे म्हणजे जबाबदारी पार पाडणे नव्हे.

या दुर्लक्षाची किंमत माणसाला मोजावी लागते. केंद्र सरकारच्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. रेबीजमुळे देशात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे दगावत असावीत, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा अंदाज आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. आणि तरीही तो पूर्णपणे टाळता येतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे, त्याच दिवशी लस सुरू करणे, ती पूर्ण करणे आणि जखम खोल असल्यास प्रतिपिंडांचे इंजेक्शन घेणे, एवढ्याने जीव वाचतो. 'कुत्रा घरचाच आहे' म्हणून लस टाळणे हा यातला सर्वांत घातक गैरसमज. घरचा कुत्राही रस्त्यावर फिरतो आणि तेथे त्याला कोण चावते, हे मालकाला नेहमीच कळते असे नाही. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस दिली तर रोगाची साखळी तुटते, हे जगभर मान्य झाले आहे. ही टक्केवारी गाठताना पाळीव कुत्री हा सर्वांत सोपा टप्पा आहे, कारण ती पकडण्यासाठी जाळे लागत नाही. मालकाची इच्छा पुरते.

उपाय अवाक्याबाहेरचे नाहीत. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, नगर परिषद आणि लगतच्या ग्रामपंचायती यांनी मिळून एकच निर्बीजीकरण केंद्र चालवावे आणि त्यासाठी जिल्हा नियोजन समितीच्या निधीचा विचार व्हावा. २०२५ च्या अखेरीस राज्यात नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या आणि लोकप्रतिनिधींचा कारभार पुन्हा सुरू झाला. त्यामुळे हा विषय सभागृहात मांडायला आता निमित्त शोधावे लागू नये. पाळीव कुत्र्यांची नोंदणी लसीच्या दाखल्याशी जोडावी, निर्बीजीकरण केलेल्या कुत्र्याला शुल्कात सवलत द्यावी. खाऊ घालण्याच्या जागा शाळा आणि रुग्णालयांपासून दूर ठरवाव्यात. मंगल कार्यालये, खानावळी आणि मांसविक्रीची दुकाने यांचे उरलेले अन्न उघड्यावर पडणार नाही याची दक्षता घ्यावी. कारण कुत्र्यांची संख्या शेवटी उकिरड्याच्या आकारावर ठरते.

मालकांचा वाटा तर सरकारी आदेशाची वाट पाहण्याचाही नाही. रस्त्यावर साखळी सोडू नये, कुत्र्याची घाण कागदात वा पिशवीत उचलावी, वर्षाची लस चुकवू नये, पिल्ले नको असतील तर वेळीच शस्त्रक्रिया करून घ्यावी. उन्हाळ्यात डांबरावर पालथा हात पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल, तर कुत्र्यालाही त्यावरून चालवू नये. घामाने अंग थंड करण्याची सोय त्याच्याकडे माणसासारखी नाही. आणि नवे जनावर आणायचेच असेल, तर विकतच्या महागड्या पिल्लाऐवजी गल्लीतले एखादे घरी आणण्याचा विचार करावा. इच्छुकांनी अर्ज करून मोकाट कुत्रे दत्तक घ्यावे, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येऊ देऊ नये, अशी मुभा आणि अट सर्वोच्च न्यायालयानेही घातली आहे. तसे घडले तर रस्त्यावरचे एक कुत्रे कमी होते आणि एका कुत्र्याला मालक मिळतो. शंभर वर्षांपूर्वी गांधींनी मागितले होते ते एवढेच.