शक्यतेची भाषा आणि जुगाराचा बागुलबुवा

राज्य मंडळाच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला संभाव्यता रीतसर भेटते ती दहावीत. बीजगणिताच्या पुस्तकात अर्थनियोजनानंतर आणि सांख्यिकीच्या आधी हे प्रकरण येते. यादृच्छिक प्रयोग, निष्पत्ती, नमुना अवकाश, घटना अशी परिभाषा. नाणे, फासे आणि पत्त्यांचा कॅट ही सामग्री. शेवटी एक सूत्र. तोवर मूल पंधरा वर्षांचे झालेले असते. 'बहुधा', 'कदाचित', 'दाट शक्यता' हे शब्द त्याने हजारदा ऐकलेले असतात, पण त्यांच्यातला फरक मोजता येतो हे त्याला कुणी सांगितलेले नसते. हा फरक तिसरी-चौथीपासून बोलून आणि मोजून शिकवावा, असे कुणी सुचवले की ठराविक विरोध उभा राहतो. वसई-विरारमधल्या पालकसभांत आणि शिक्षकांच्या खोलीत तो आजही ऐकू येतो. तो मांडणारे आक्षेपक सहसा ज्येष्ठ असतात, आणि त्यांना कशाचीच शंका नसते.

त्यांचे म्हणणे असे. वर्गात फासे आणले की मुले जुगाराला लागतील. गणित हे निश्चिततेचे शास्त्र आहे. त्यात 'कदाचित' घुसले की उद्या दोन आणि दोन बहुधा चार होतील. 'शक्यता' हा जबाबदारी टाळणाऱ्यांचा शब्द आहे, हवामान खात्याने तो वापरून गुळगुळीत केला आहे. लहान मुलांना हे झेपत नाही. आणि व्हायचे ते होतेच, मग मोजायचे कशाला? मुद्दे हे पाच. यापलीकडे जे काही असते ते आवाजात असते.

पहिला मुद्दा सर्वांत लाडका, म्हणून त्याचा समाचार सविस्तर घ्यायला हवा. जुगार म्हटला की आक्षेपक थेट सभापर्वात शिरतात: युधिष्ठिर फाशांच्या नादी लागला आणि राज्य, भाऊ, पत्नी सारे पणाला लावून हरला. दाखला खरा आहे, पण महाभारत तिथे संपत नाही. वनपर्वात त्याच युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी नळाची कथा ऐकवतात. पुष्कराशी द्यूत खेळून सर्वस्व घालवलेला नळ बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाकडे रथ धावत असताना ऋतुपर्ण वाटेतल्या एका बेहड्याकडे पाहतो आणि त्याची पाने-फळे किती ते सांगून टाकतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून मोजतो, आणि संख्या जुळते. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवतो, आणि मोबदल्यात नळ अश्वविद्या देऊ करतो. हे मर्म कळताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. कलीने पछाडलेला असताना नळ खेळत होता. मोजण्याची विद्या मिळाल्यावर त्याची सुटका झाली. कथा संपवताना बृहदश्व तीच विद्या युधिष्ठिरालाही देतात. जुगारात पोळलेल्या माणसावर ऋषींनी केलेला उपाय फाशांच्या शिक्षणाचा होता. आक्षेपकांचे वाचन बहुधा सभापर्वातच अडकले असावे.

पुराण सोडून बाजारात यावे. १९६० च्या दशकात मुंबईत मटका फोफावला. त्यातला साधा हिशेब असा: शून्य ते नऊ यांतला एक आकडा निवडायचा, लागला तर रुपयाचे नऊ. आता एखाद्याने दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला असे धरू. त्याचा आकडा रोज लागेल, आणि रोज त्याचा एक रुपया जाईल. हे चौथीच्या मुलाला पाटीवर दाखवता येते, त्याला सूत्र लागत नाही. आकडा लावणारा मोजता येते म्हणून लावत नाही. आठ दिवस पंजा फिरकलेला नाही, म्हणजे आता येणारच, असे त्याला वाटते म्हणून लावतो. मागच्या आठ दिवसांचा नवव्या दिवसाशी काही संबंध नाही, हे त्याला वेळेवर कुणी सांगितलेले नसते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याआधी ज्यांनी मोबाइलवर पगार उडवले, त्यांना तिसरीत कुणी संभाव्यता शिकवली होती काय? आक्षेपकांनी घातलेली बंदी त्यांच्या शाळेत पूर्णपणे पाळली गेली होती, आणि निकाल समोर आहे.

शिवाय ज्या समाजाला फाशाची एवढी धास्ती, त्याचे व्यवहार पाहावेत. गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती चालते, नाताळाच्या मेळाव्यात हाऊजी चालते, स्नेहसंमेलनाच्या खर्चासाठी लकी ड्रॉची पावती पुस्तके विद्यार्थ्यांच्याच हाती दिली जातात. शिक्षणहक्क कायद्याखालच्या २५ टक्के राखीव जागांचे प्रवेश सोडतीने होतात, म्हणजे काही मुले शाळेच्या दारात पाऊल टाकतात तीच सोडतीच्या कृपेने. म्हाडाच्या घरांची सोडत तर घरोघरी चर्चेचा विषय असतो. विरारच्या बोळिंजमध्ये मात्र म्हाडाची घरे इतकी पडून राहिली, की सोडत बाजूला ठेवून प्रथम येणाऱ्यास प्राधान्य द्यावे लागले. अर्जदारांपेक्षा घरे जास्त असतील तर सोडतीला अर्थ उरत नाही, हाही संभाव्यतेचाच धडा. आणि सर्वांत मजेचा प्रकार प्रभागांच्या आरक्षणाचा. वसई-विरार महापालिकेत ११५ सदस्य असतात. महापालिकांच्या अशा आरक्षण सोडतींत चिठ्ठ्या काढायला व्यासपीठावर बहुधा शाळकरी मुलांना उभे करतात. मुलाचा हात निष्पक्ष, असे सगळे मानतात. त्या मुलाला निष्पक्ष म्हणजे काय, डब्यातल्या चिठ्ठ्या सारख्या आकाराच्या आणि सारख्या घडीच्या का असाव्यात, हे मात्र शिकवायचे नाही. हात चालतो, डोके चालत नाही.

याच आक्षेपकांना दहावीच्या पुस्तकातल्या पत्त्यांबद्दल तक्रार नसते, ही आणखी एक गंमत. ज्या घरात पत्त्याला हात लावू देत नाहीत, त्या घरातली मुलगी परीक्षेसाठी ५२ पत्ते, चार प्रकार, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, १२ चित्रपत्ते असे घोकत बसते. गुणांसाठी पत्ते पवित्र ठरतात; तिसरीत पावसाचा अंदाज मोजला तर संस्कार बुडतात.

गणित निश्चित असते, हा दुसरा मुद्दा. दोन फासे टाकल्यावर ३६ निष्पत्ती असतात, त्यांतल्या ६ निष्पत्तींत बेरीज ७ येते. यात 'कदाचित' कुठेही नाही. पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ साली पत्रांतून अर्धवट राहिलेल्या डावाचे पैसे कसे वाटायचे ते ठरवले, तेव्हा त्यांनी निश्चितता सोडली नव्हती. अनिश्चित गोष्टीबद्दल निश्चितपणे काय बोलता येते, एवढेच शोधले होते.

गणित बुडाल्याची ही ओरड जुनीच आहे. १९५७ साली सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर पैसे झाले, तेव्हा पावकी-निमकी गेली म्हणजे मराठी माणसाचा तोंडी हिशेब गेला, असे म्हणणारे होते. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन आले आणि जणू किल्ले वसईचा दरवाजा फोडला गेला, असा गदारोळ उठला. दोन्ही वेळा वाद घालणारे सगळे प्रौढ होते. मुलाला कोणत्या रीतीने हिशेब लवकर उमजतो, हा प्रश्न त्या गर्दीत कुणाला सुचला नाही. गेलेल्या आण्याची आठवण मात्र बोलण्यात टिकली: अजूनही गोष्ट सोळा आणे खरी असते. पिकाची आणेवारी पुढे पैसेवारी झाली, आणि ती ५० पैशांच्या खाली गेली की सरकारी सवलतींची चर्चा सुरू होते, हे शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असते. पैसेवारी म्हणजे संभाव्यता नव्हे. पण शंभरातला वाटा हे माप परदेशातून आणलेले नाही, एवढे तिच्यावरून सिद्ध होते.

तिसरा मुद्दा 'शक्यता' या शब्दाच्या बदनामीचा. ऑरेंज अलर्ट असतो, शाळांना सुट्टी मिळते, दिवसभर ऊन पडते, आणि संध्याकाळपर्यंत हवामान खात्यावरचे विनोद मोबाइलवर फिरून येतात. खात्याच्या भाषेत 'जोरदार पाऊस' म्हणजे २४ तासांत किमान ६४.५ मिलिमीटर. 'एक-दोन ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर, 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे ७५ टक्क्यांहून अधिक. शब्द ढिसाळ नाहीत. वाचणाऱ्याला मोजपट्टी दिलेली नाही. पालघर जिल्ह्यात एक-दोन ठिकाणी जोरदार पाऊस, असे वाचणारा तो आपल्याच अंगणात पडेल असे धरतो. जव्हारला पडला आणि नायगावला नाही, तर अंदाज फसला म्हणतो.

दुसरी चूक याहून खोल आहे. समजा, दहा वेगवेगळ्या दिवशी पावसाची शक्यता ७० टक्के सांगितली. त्यांतले तीनेक दिवस कोरडे गेले तर अंदाज अचूक ठरला. दहाही दिवस पाऊस कोसळला असता तर सांगणाऱ्याने शक्यता कमी सांगितली, असा संशय घ्यायला जागा झाली असती. एका दिवसावरून अंदाज खरा-खोटा ठरवता येत नाही. ही समजूत नसलेला समाज वसईतच आहे असे नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच शहरांतल्या लोकांना विचारले होते, की उद्या पावसाची शक्यता ३० टक्के, याचा अर्थ काय. अपेक्षित उत्तर देणारे बहुसंख्य फक्त न्यूयॉर्कमध्ये निघाले. बाकीच्या चारही शहरांत बऱ्याच जणांना वाटले, पाऊस दिवसाचा ३० टक्के वेळ पडेल किंवा ३० टक्के भागात पडेल.

आणि शक्यता कमी असली तरी ती कशाची आहे, हेही पाहावे लागते. १० जुलै २०१८ ला नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, विरारची लोकल बंद पडली आणि लांब पल्ल्याच्या गाडीत अडकलेल्या प्रवाशांना सोडवायला आपत्ती प्रतिसाद दलाला यावे लागले. असा दिवस दुर्मीळ असतो. पण फुकट गेलेल्या सुट्टीची किंमत आणि अशा दिवशी गाडीत अडकलेल्या मुलांची किंमत सारखी नसते. ही तुलना करता येणे हाच या भाषेचा उपयोग.

मुलांना झेपत नाही, या चौथ्या मुद्द्यामागे निदान विद्वत्तेचा आधार आहे. पियाजे आणि इनहेल्डर यांनी १९५१ च्या पुस्तकात यदृच्छेची पक्की समज किशोरवयात येते असे मांडले होते. त्यावर फिशबाइन यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले, की अंदाजाची अंतःप्रेरणा लहान वयातच असते आणि शिकवण्याने ती सुधारते. नालासोपाऱ्याची मुले रोज पाहतात, की आईबाबा सकाळी चर्चगेटच्या गाडीत शिरण्याऐवजी उलट दिशेने विरारला जातात आणि त्याच डब्यात बसून परत येतात. वीस मिनिटे जास्त गेली तरी चालतील, पण बसायला मिळण्याची खात्री हवी. हा सौदा नऊ वर्षांच्या मुलाला समजतो. पाचव्या मुद्द्याचे, म्हणजे व्हायचे ते होतेच याचे, उत्तर आक्षेपक स्वतःच देतात: जूनमध्ये ते सभेला छत्री घेऊन येतात.

राहिला प्रश्न शिकवायचे काय. तिसरीत शब्दांपासून सुरुवात करावी: अशक्य, क्वचित, कदाचित, बहुधा, जवळजवळ नक्की, नक्की. मुलांनी रोजच्या गोष्टी या क्रमात लावाव्यात आणि एकमेकांशी भांडावे. चौथी-पाचवीत कवड्या आणाव्यात. नाण्यापेक्षा कवडी चांगली, कारण तिच्या दोन बाजू सारख्या नसतात. उताणी किती वेळा आणि पालथी किती वेळा हे सूत्रातून निघत नाही, टाकून मोजावेच लागते. एका गटाला दहा फेकींत चार उताण्या मिळतात, दुसऱ्याला आठ, आणि वर्गात आरडाओरडा होतो. मग सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एकत्र केले की प्रमाण हळूहळू स्थिरावते. याच गोष्टीची सिद्धता बर्नूली यांच्या १७१३ साली छापलेल्या ग्रंथात आहे. मुलांना ती आधी बोटांनी कळलेली बरी. सहावी-सातवीत अपूर्णांक आणि टक्के आले की शब्दांना आकडे जोडावेत. दहावीतले सूत्र त्यानंतर यावे. ते फक्त समसंभाव्य निष्पत्तींना लागू असते, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही, कारण कवडी आठवेल.

यात अडचण आहे ती तपासण्याची. चार पर्यायांतून निवडायचे, या साच्यात बसलेल्या शिष्यवृत्ती परीक्षेत 'बहुधा' हे उत्तर कसे तपासणार, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे सोपे उत्तर असे, की सुरुवातीची दोन-तीन वर्षे गुण देऊच नयेत. वसई-विरारमधल्या शाळांनी येत्या जूनमध्ये फळ्याचा एक कोपरा राखून ठेवावा: सकाळी पावसाचा अंदाज आणि मुलांनी निवडलेला शब्द लिहावा, दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष काय झाले ते लिहावे. ऑगस्टअखेर 'बहुधा' लिहिलेल्या दिवसांपैकी किती दिवशी खरोखर पाऊस पडला, ते मुलांनाच मोजू द्यावे, आणि आक्षेपकांनाही त्या दिवशी वर्गात बोलवावे.