भोजन तिकडे, आपण इकडे

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला, तेव्हा बाप्तिस्मा झालेल्यांबरोबर न झालेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली. मिशनच्या मंडळ्यांत हे सोपे नव्हते. प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षरस फिरू लागला, की बाप्तिस्मा न झालेला माणूस बाकावरच बसून राहणार; ताट त्याच्यासमोरून पुढे जाणार.

२०२० च्या टाळेबंदीत भोजनापासून असे दूर बसण्याची पाळी सगळ्यांवरच आली. कॅथलिकांनी मोबाइलवर मिस्सा पाहून ‘आध्यात्मिक कम्युनियन’ची प्रार्थना म्हटली, कारण पडद्यापलीकडून भाकर पवित्र होते, हे त्यांचे चर्च मानत नाही. काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी मात्र घरातलाच पाव मोडून, पेल्यात द्राक्षांचा रस घेऊन प्रभुभोजन केले.

आम्हाला विचाराल तर टाळेबंदी संपल्यावरही आजारी, अडलेल्या माणसासाठी पडदा चांगलाच. पण वीस-पंचवीस जणांच्या मंडळीत नव्याने आलेल्याला वर्षानुवर्षे पडद्यावरच ठेवणे हा निव्वळ आळस आहे. तुमच्या मंडळीत असे कोणी असेल, तर येत्या रविवारआधी त्याच्या घरी जाऊन या.