टाकी पाडली, गुण मिळाले

'जस्ट कॉज २' या व्हिडिओ गेममध्ये पनाऊ नावाचा काल्पनिक बेटांचा देश आहे. तिथल्या हुकूमशहाला घालवायला रिको रॉड्रिगेझ हा हेर आकाशातून उतरतो. गावोगाव फिरून त्याने सरकारी मालमत्ता उडवायची. हुकूमशहाचा पुतळा, प्रचाराची गाडी, ट्रान्सफॉर्मर, पेट्रोल पंप. आणि गावाची पाण्याची टाकी. प्रत्येक स्फोटाला 'केऑस'चे गुण. यादीतलं सगळं उडालं, तिथल्या पेट्या गोळा झाल्या, की गाव शंभर टक्के पूर्ण.

गेम २०१० मध्ये आला. स्टॉकहोमच्या अ‍ॅव्हलांच स्टुडिओजने केलेला. परीक्षणं भरपूर झाली. हजारेक चौरस किलोमीटरच्या मोकळ्या नकाशाचं कौतुक झालं. दोर फेकून कशालाही लटकण्याचं आणि पॅराशूटचं कौतुक झालं. कथा पोकळ आहे, संवाद वाईट बोललेत, तेच ते पुन्हा करावं लागतं, अशी टीका झाली. २०१५ मध्ये तिसरा भाग आला, तेव्हा स्फोट मोठे झाले की चित्र अडखळतं ही मोठी तक्रार होती. या तक्रारी खऱ्या आहेत. पण टाकीचं काय? उडवायच्या वस्तूंपैकी आणखी एक वस्तू, यापलीकडे तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

मध्य प्रदेशातल्या देवासला ती तशी दिसू शकत नाही. एप्रिल १९९० मध्ये या शहरात इंदूरहून पाणी आलं ते रेल्वेने. स्टेशनवर ढोल-नगारे वाजले, मंत्री हजर होते. अनुपम मिश्र यांनी 'आज भी खरे हैं तालाब' या १९९३ च्या पुस्तकात हे नोंदवून ठेवलं आहे. पुढचा तपशील त्याहून महत्त्वाचा. गाडीतलं पाणी पंपाने टाक्यांत चढवायचं आणि तिथून शहरात वाटायचं. म्हणजे गाडी आली तरी टाकी नसेल तर पाणी स्टेशनातच राहणार. पावलोपावली पाणी मिळतं अशी ज्या माळव्याची ख्याती, तिथे ही पाळी आली. तळी बुजवली, त्यांवर घरं आणि कारखाने उभे केले, जमिनीत भोकांमागून भोकं पाडली. त्यातून सावरायला वर्षं लागली. २००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीचा दहावा हिस्सा सोडून तळी खोदायला घेतली. जिल्ह्यात अशी हजारो तळी झाली. लोक त्यांना 'रेवासागर' म्हणतात. जमीन देऊन, पदरचे पैसे घालून, कर्ज काढून पाणी साठवलेल्या माणसासमोर टाकी पाडण्याचे गुण मोजून दाखवावेत, अशी आमची इच्छा नाही.

लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली गाडी निघाली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्येच जिल्हा प्रशासनाने शहरातल्या पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती कलम १४४ लावलं होतं. टाकीपाशी पाचापेक्षा जास्त माणसांनी जमू नये, एवढी ती जागा नाजूक झाली होती. 'जस्ट कॉज'चा तिसरा भाग ही गाडी निघण्याच्या चारच महिने आधी दुकानांत आला होता.

गेमचा हिशेब सरळ आहे. टाकी सरकारने बांधली, सरकार जुलमी, म्हणून टाकी शत्रूची. चूक इथेच आहे. पुतळा हुकूमशहाचा असतो. प्रचाराची गाडी हुकूमशहाची असते. टाकीवर शिक्का कुणाचाही असो, पाणी खालच्या वस्तीचं असतं. आपल्याकडची साधी बाई हा फरक ओळखते. नळाला पाणी नसलं की रिकामे हंडे घेऊन महापालिकेवर मोर्चा जातो. अधिकाऱ्यांच्या दारात मडकी फुटतात, घोषणा होतात, खुर्च्याही फेकल्या जातात. पण हंडा मोर्चाने चिडून टाकीच पाडली, असं आम्हाला आठवत नाही. राग कुणावर काढायचा आणि कशाला हात लावायचा नाही, हे त्या मोर्चातल्या प्रत्येकीला कळतं. गावं मुक्त करायला निघालेल्या रिकोला ते कळत नाही, कारण ज्यांनी त्याला घडवलं त्यांनी ते त्याला शिकवलंच नाही.

'अहो, खेळ आहे तो,' हे उत्तर ठरलेलं आहे. खेळच आहे. बंदी घाला असं आम्ही म्हणत नाही. गोळ्या सुटतात, विमानं कोसळतात, याबद्दलही तक्रार नाही. अतिरेक हाच या गेमचा जीव आहे आणि तो उघड मांडलेला आहे. पण न्यायाची गोष्ट नावातच आणायची, गाव सोडवल्याचं श्रेय टक्क्यांत द्यायचं आणि त्या गावाचं पाणी तोडल्याची किंमत शून्य धरायची, हे खेळाच्या सबबीखाली झाकलं जात नाही. लेखकांना साठ्याचं मोल कळत नव्हतं असंही नाही. याच गेमची सगळी कथा तेलावर उभी आहे. पनाऊच्या समुद्रात तेल सापडतं, बड्या देशांची आरमारं तिथे जमतात आणि शेवटी रिको अणुबॉम्बचं क्षेपणास्त्र त्या तेलसाठ्यावरच वळवतो, म्हणजे भांडायला काही उरू नये. तेलासाठी कथेचा शेवट राखून ठेवला. पाण्याच्या वाट्याला गुण आले, गोष्ट आली नाही.

खऱ्या युद्धात हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवला आहे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पुरवणी कराराचं ५४ वं कलम पाहा. नागरिकांच्या जगण्याला आवश्यक अशा वस्तू उद्ध्वस्त करायला त्यात मनाई आहे, आणि पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेचा तिथे नावाने उल्लेख आहे. गेमवाल्यांना हे जमत नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. चेक कंपनी बोहेमिया इंटरॅक्टिव्हने २०१७ मध्ये 'आर्मा ३' या युद्धाच्या गेमला युद्धाच्या कायद्यांवरची पुरवणी जोडली. त्यासाठी रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीची साथ घेतली. त्यात खेळाडू मुख्यतः सैनिक नसतो. लढाई उरकलेल्या गावात न फुटलेला दारूगोळा शोधून निकामी करणारा माणूस असतो. गेम तरीही गेमच राहिला.

पनाऊसाठी इतकंही करायची गरज नव्हती. टाकी पडली की त्या गावाचे नळ कोरडे पडावेत. लोकांनी रिकोकडे पाठ फिरवावी. त्याला लपायला घर मिळू नये. मिळालेले गुण वजा व्हावेत. खेळाडूला टाकी वगळून पुतळ्याकडे वळावंसं वाटलं असतं, आणि नेम धरण्याआधी क्षणभर विचार करावा लागल्याने खेळ अवघडही झाला असता, चांगलाही. सतत तेच करावं लागतं या परीक्षकांच्या तक्रारीलाही त्यातून उत्तर मिळालं असतं. एवढा अफाट नकाशा, त्यावरची जंगलं, बर्फ, वाळवंट आणि विमानतळ उभारणाऱ्या स्टुडिओला एका गावाचा नळ बंद करून दाखवणं अवघड नव्हतं.

परीक्षण लिहिणाऱ्यांनीही आपली यादी एका ओळीने वाढवावी. चित्र अडखळतं का, हे विचाराच. टाकी पाडल्यावर त्या गावाने दुसऱ्या दिवशी पाणी कुठून भरलं, हेही विचारा.