‘पर्यंत’ या शब्दाविरुद्ध

आमच्याकडे अमरावतीत दर दहा-पंधरा दिवसांनी सकाळच्या वर्तमानपत्रातून एक चकचकीत कागद घरंगळून पडतो. कधी लाल, कधी निळा. त्यावर हाताच्या पंजाएवढा आकडा असतो : १००, २००, ३००. खाली ‘एमबीपीएस’. आणि त्या आकड्याच्या शेपटाला, चष्मा लावूनही दिसेल न दिसेल अशा टायपात, एक शब्द : ‘पर्यंत’. किमतीच्या आकड्यालाही असंच शेपूट असतं, तिथे ‘अधिक जीएसटी’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे आणखी १८ टक्के. वेगाचं शेपूट आकडा खाली ओढतं, किमतीचं शेपूट वर. दोन्ही शेपटं कंपनीच्या सोयीची.

हेच दुसऱ्या कुठल्या धंद्यात करून बघा. अकोला तूरडाळीचं गाव. तिथल्या एखाद्या दुकानदाराने उद्या ‘एक किलोपर्यंत डाळ’ अशी पाटी लावली, पुडी घरी नेऊन तोलली तर सहाशे ग्रॅम भरली, आणि जाब विचारल्यावर तो म्हणाला, “पर्यंत म्हटलं होतं ना भाऊ,” तर काय होईल? वजनमापेवाला येईल. वैध मापनाचा २००९ चा कायदा आहे, दंड आहे. त्याआधी चार गिऱ्हाइकंच त्याचा तराजू रस्त्यावर आणतील. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपण सहाशे ग्रॅम घेऊन निमूट घरी येतो, वर राउटर बंद करून चालू करतो. दोष आपल्याच घरात असणार, अशी आपली समजूत करून दिलेली आहे.

घरच्या ग्राहकाला ब्रॉडबँडकडून काय हवं, याचं उत्तर कंपन्यांनी, सरकारांनी आणि बऱ्याच पत्रकारांनीही परस्पर देऊन टाकलं आहे : अजून वेग, अजून स्वस्ताई. माझं म्हणणं असं की निदान आमच्या वऱ्हाडात हे उत्तर चुकीचं आहे. आम्हाला कमाल नको, किमान हवं. संध्याकाळी आठ वाजता, पावसात, रस्त्याचं काम चालू असताना, कमीत कमी किती मिळेल ते लिहून द्या. तीनशेचे वीस करा, पण ते वीस असू द्या.

माझी धाकटी बहीण अकोल्यात जठारपेठेत राहते. संध्याकाळी सात ते नऊ ती दहावी-बारावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. हा उद्योग सुरू झाला २०२१ च्या फेब्रुवारीत. उरलेला महाराष्ट्र तेव्हा करोना संपला म्हणून लग्नं लावत होता, आणि अमरावती-अकोल्यात मात्र पुन्हा टाळेबंदी लागली होती. दुसरी लाट राज्यात आधी आमच्या दारात आली. त्या महिन्यात घरचं इंटरनेट ही चैनीची वस्तू राहिली नाही. ते वीज-पाण्याच्या रांगेत येऊन बसलं. बहिणीच्या जोडणीवर दुपारी तीन वाजता वेग मोजला तर जाहिरातीतला आकडा जवळजवळ पुरा भरतो. रात्री आठला तीच जोडणी धापा टाकते. तिचा आवाज मुलांना तुटक ऐकू जातो, फळ्यावरचं समीकरण अर्धं उमटतं. तक्रार केली की माणूस येतो. येतो दुपारी तीन वाजता. मोजतो आणि म्हणतो, “मॅडम, स्पीड तं फुल्ल येऊन रायली.”

हे का होतं, ते गुपित नाही. शंभरचा प्लॅन घेतला म्हणजे शंभरची नळी तुमच्या एकट्याची होत नाही. ती वाटून दिलेली असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या : घरगुती ग्राहकांसाठी हे वाटप जास्तीत जास्त एकास पन्नास असावं, व्यावसायिकांसाठी एकास तीस. सरळ भागाकार केला तर शंभर भागिले पन्नास, दोन. अर्थात पन्नासही जण एकाच क्षणी ओढत नाहीत, म्हणून रोज दोनवर येत नाही. पण आयपीएलच्या रात्री गल्लीतले पन्नास नाही तरी तीस जण ओढतातच.

योगायोग असा की या देशात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला कायद्याने लागणारा किमान वेगही दोन एमबीपीएसच आहे. २००४ च्या धोरणात तो २५६ केबीपीएस होता, पुढे ५१२ झाला, आणि २०२३ च्या जानेवारीत दोन एमबीपीएस. २०१२ च्या दूरसंचार धोरणाने हेच दोन २०१५ सालासाठी कबूल केले होते. म्हणजे पत्रकावरच्या शंभरपासून कायद्यातल्या दोनपर्यंत अठ्ठ्याण्णवचं मोकळं रान आहे, आणि त्या सगळ्या रानाला कुंपण म्हणून एकच शब्द घातलेला आहे.

मोजमापाची तऱ्हाही बघण्यासारखी आहे. ट्रायच्या २००६ च्या गुणवत्ता नियमांत ग्राहकाला घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळावा असा निकष होता. ऐकायला उत्तम. पण तो वेग मोजायचा कंपनीच्या नोडपासून ग्राहकाच्या घरापर्यंत. नोड म्हणजे कंपनीचं स्वतःचं जवळचं ठाणं. तिथून पुढे मुंबईला आणि जगाला जाणारी वाट किती अरुंद आहे, ते या आकड्यात येतच नाही. अंगणातली मोरी धो धो वाहते म्हणून नदीला पूर आला म्हणण्यासारखं आहे हे. फोनवरच्या ‘स्पीड टेस्ट’चंही बरेचदा तसंच. ती जवळचा सर्व्हर शोधते, आणि जवळचा सर्व्हर अनेकदा कंपनीच्याच जाळ्यात बसलेला असतो. शिवाय गुणवत्तेचे अहवाल वर्षानुवर्षं परिमंडळानुसार निघत आले. महाराष्ट्र परिमंडळ म्हणजे मुंबई वगळून, गोवा धरून सगळा महाराष्ट्र. पुण्याच्या बाणेर-बालेवाडीची आणि अकोल्याच्या डाबकी रोडची सरासरी काढली की डाबकी रोड पास होतो. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीने जुने नियम एकत्र केले. नियम कमी पडले असं मी म्हणतच नाही. माझ्या गल्लीचा आकडा मला कुठेच वाचायला मिळत नाही, ही माझी तक्रार आहे.

वेगाच्या बाबतीत आमचा भाग तसा जगप्रसिद्ध आहे. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना या टप्प्यात, ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनेस बुकात नाव लागलं. पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. पण त्याआधी कित्येक वर्षं या रस्त्याने बडनेऱ्याहून मूर्तिजापूर गाठताना ज्यांच्या पाठीचे मणके हलले, त्यांना विक्रम नको होता. खड्डा नको होता. या दोन मागण्यांत फरक आहे, आणि तो विक्रम करणाऱ्यांना सहसा कळत नाही.

रस्त्यांवरून आठवलं. आमच्या जोडण्यांचा मोठा शत्रू जेसीबी. रस्ता रुंद करायचा, नाली काढायची, पाण्याची लाइन टाकायची, की गल्लीच्या तोंडाशी खणाखण सुरू होते आणि तासाभरात मोहल्ला अंधारात जातो. मग फोनवर ठरलेलं उत्तर : “काका, लाइन मांगूनच बंद हाय. फायबर तुटलं. दोन घंट्यात होऊन जाईन.” वऱ्हाडात ‘दोन घंटे’ हे वेळेचं माप नाही, दिलाशाचं आहे. गेल्या पावसाळ्यात माझे दोन घंटे पाच दिवस चालले. केंद्र सरकारने २०२३ च्या मार्चमध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलं. खोदणाऱ्याने आधी त्यात नोंद करायची, म्हणजे खाली कोणाची केबल आहे ते कळतं. कल्पना चांगली आहे. आमच्या चौकातल्या जेसीबीवाल्याला मी त्याबद्दल विचारलं. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते लिहिण्यासारखं नाही.

२००६ च्या त्याच नियमांत आणखी एक गोष्ट होती : बिघाड तीन दिवसांहून जास्त राहिला तर ग्राहकाला भाड्यात सूट द्यायची. माझ्या पाच दिवसांची सूट मी मागितली. पलीकडच्या मुलीने फोन होल्डवर ठेवला, संगीत वाजलं, कॉल कटला. तीनदा. सूट चाळीस-पन्नास रुपयांची असती. तेवढ्यासाठी कोण भांडतं, या हिशोबावरच हा धंदा चालतो.

आता दुसरी बाजू. केबलवाल्याशी माझं चांगलं बोलणं आहे. तो म्हणतो, “काका, पाचशे रुपयांत तुमाले घरपोच लीज लाइन पायजे का?” बरोबर आहे त्याचं. एकट्यासाठी राखलेल्या, न वाटलेल्या जोडणीला कितीतरी पट पैसे पडतात, आणि वाटप झालं नाही तर सामान्य घराला इंटरनेट परवडणारच नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसवर असताना खांबावर चढून हाताने फायबर जोडणारं त्याचं पोरगं माझ्या रागाचं धनी नाही. त्याला आठ तासांचा पगार मिळतो की नाही, हाही प्रश्न आहे. पण वाटप हवंच असेल तर ते किती जणांत आहे, ते बिलावर छापा. एकास वीस घेणाऱ्याला शंभर रुपये जास्त लावा. मी देईन. शेजारच्या पोराला फक्त रात्री सिनेमा बघायचा आहे, त्याला एकास पन्नास स्वस्तात द्या. तराजू दिसला की भाव ठरवता येतो. अकोल्यात नळ किती दिवसांआड येणार, ते काटेपूर्णा धरण ठरवतं. लोक चिडतात, पण वार माहीत असतो, म्हणून टाक्या भरून ठेवतात. इंटरनेटचा वार कोणीच सांगत नाही.

स्वस्ताईचं कौतुक मला म्हणूनच फारसं वाटत नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि मोबाइलवरचा डेटा मातीमोल झाला, हे खरं. पण २०२४ च्या अखेरीस देशात तारेचं ब्रॉडबँड घेणारे साधारण चार कोटी होते, आणि मोबाइलवर नव्वद कोटींच्या आसपास. रील बघायला मोबाइल पुरतो. घरी बसून काम करायला, शिकवायला, लग्नाचं चित्रीकरण अल्बमवाल्याकडे पाठवायला तार लागते, आणि तारेतही वर चढणारा वेग लागतो. पत्रकावरचा तीनशे बहुतेक वेळा फक्त उतरणारा असतो. चढणाऱ्याचा आकडा शेपटातसुद्धा नसतो. जणू आम्ही वऱ्हाडातल्या लोकांनी नुसतं बघत राहायचं, आमच्याकडून जगाला पाठवण्यासारखं काही निघतच नाही.

मेळघाटातल्या हरिसालचं उदाहरण यासाठीच मला विसरता येत नाही. धारणी तालुक्यातलं हे गाव २०१६ च्या सुमारास राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजवलं. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकऱ्यांनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत सरकारी जाहिरात आणि गावाची अवस्था शेजारी-शेजारी दाखवली, जाहिरातीतला तरुणच व्यासपीठावर आणला. सरकारी बाजूने उत्तरं आली. दोन्हीकडे टाळ्या पडल्या. त्या गदारोळात मला एक आकडा काही ऐकू आला नाही : हरिसालच्या एका घरात, महिन्यातले किती तास, कमीत कमी किती वेग? गाव डिजिटल आहे की नाही, हे त्यावरून पाच मिनिटांत ठरलं असतं.

माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो. २०२० मध्ये तो घरी आला तेव्हा वर्षभर इथूनच काम करत होता. ज्या दिवशी साहेबांसमोर त्याचं सादरीकरण तीन वेळा गोठलं, त्या रात्री त्याने बॅग भरली. आता कंपनी आठवड्यातून तीन दिवस घरून काम करू देते, त्याला यायचंही आहे, त्याच्या आईलाही तेच हवं आहे. परवा फोनवर त्याने विचारलं, “बाबा, तिकडे लाइन टिकते का आता?” तीनशे मिळतं का, असं त्याने विचारलं नाही.

म्हणून मी केबलवाल्याच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, जुना प्लॅन बंद कर, दीडपट पैसे घे, पण कागदावर लिहून दे : रात्री आठला किमान अमुक, बिघाड झाला तर अमुक तासांत दुरुस्ती, नाही झाली तर त्या दिवसाचे पैसे परत. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, चहा मागवला, टेबलाचा खण उघडून आतले कागद खालीवर केले.

“काका,” तो म्हणाला, “तसा फॉर्मच नाई ना आपल्याकडे.”